एच-१बीची लॉटरी: 'लागली' म्हणजे नेमकं काय लागतं, आणि निकालापर्यंत नोकरीचं गणित कसं मांडायचं?

मार्चचा शेवटचा आठवडा. डॅलस, सिएटल किंवा न्यू जर्सीत बसलेली पंचविशीतली एखादी मराठी मुलगी दिवसातून वीस वेळा ईमेल उघडून बघते. तिकडे रात्र होते तेव्हा नाशिकमध्ये सकाळ झालेली असते आणि घरून फोन येतो, "लागली का गं लॉटरी?"

आपल्याकडे लॉटरी लागली म्हणजे घबाड मिळालं. या लॉटरीत मात्र पैसे मिळत नाहीत आणि लगेच व्हिसाही मिळत नाही. मिळते ती व्हिसासाठी अर्ज करायची परवानगी. तोही अर्ज कंपनीने करायचा असतो. तरीही त्या एका ईमेलवर पुढची सहा वर्षं, भाड्याचं घर, लग्नाची बोलणी आणि बापाच्या नावावर तारण असलेला फ्लॅट, एवढं सगळं अडकलेलं असतं. म्हणून ही भानगड नेमकी चालते कशी हे नीट समजून घ्यायला हवं. विशेषतः २०२६ पासून, कारण या वर्षी चिठ्ठी काढायची पद्धतच बदलली आहे.

जागा किती आणि त्या कमी का पडतात?

एच-१बी हा पदवीची गरज असलेल्या कामासाठीचा तात्पुरता व्हिसा. आधी तीन वर्षं, मग आणखी तीन, अशी साधारण सहा वर्षं त्यावर काम करता येतं. आजच्या स्वरूपात तो १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने आला आणि तेव्हाच वर्षाला ६५,००० ही मर्यादा ठरली. डॉटकॉमच्या तेजीत अमेरिकेने ही मर्यादा वाढवत १,९५,००० पर्यंत नेली. मात्र ती वाढ तीनच वर्षांपुरती होती. २००४ या आर्थिक वर्षापासून गाडी परत ६५,००० वर आली. त्यानंतर अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० जागा वेगळ्या ठेवल्या गेल्या. एकूण ८५,०००. आयफोन बाजारात यायच्या आधी ठरलेला हा आकडा आजही तोच आहे.

६५,००० मधल्या ६,८०० जागा चिली आणि सिंगापूरसाठी राखीव असतात. त्यातल्या उरलेल्या परत मिळतात. विद्यापीठं, त्यांच्याशी जोडलेल्या ना-नफा संस्था आणि संशोधन संस्था यांना मात्र ही मर्यादा लागूच होत नाही. तिथे नोकरी मिळाली तर लॉटरीची भानगडच नाही. हा मुद्दा पुढे परत येईल.

लॉटरी पहिल्यांदा काढावी लागली एप्रिल २००७ मध्ये. पहिल्या दोन दिवसांतच सव्वा लाखाच्या आसपास अर्ज येऊन पडले. मग मंदी आली. २००९ साली तोच कोटा भरायला डिसेंबर उजाडला. चार वर्षं लॉटरीची गरज पडली नाही. २०१३ पासून आजपर्यंत मात्र एकही वर्ष चुकलेलं नाही.

२०१९ पर्यंत कंपन्यांना पूर्ण फाइल, फीच्या चेकसकट, आधीच पाठवावी लागायची. निवड झाली नाही की सगळा गठ्ठा परत. २०२० पासून ऑनलाइन नोंदणी आली. फी १० डॉलर. आता १० डॉलरमध्ये चिठ्ठी टाकता येत असेल तर काय होणार? मार्च २०२३ मध्ये ७,८०,८८४ नोंदण्या झाल्या आणि त्यातल्या चार लाखांहून जास्त नोंदण्या अशा लोकांच्या होत्या ज्यांच्या नावाने एकाहून जास्त कंपन्यांनी चिठ्ठी टाकली होती. काही कन्सल्टन्सी एकाच माणसाला तीन-चार छोट्या कंपन्यांतून उभं करत होत्या. सरळ वाटेने एकच नोंदणी असलेल्यांची संधी त्यात मारली गेली, आणि त्या वर्षीच्या निकालाने डोळ्यात पाणी आलेल्यांमध्ये मराठी घरांतली मुलंही होती.

२०२४ पासून निवड पासपोर्टवर व्हायला लागली. कितीही कंपन्यांनी नाव टाकलं तरी माणूस एक, चिठ्ठी एक. २०२५ पासून नोंदणीची फीही २१५ डॉलर झाली. परिणाम लगेच दिसला. मार्च २०२५ मध्ये पात्र नोंदण्या ३,४३,९८१ वर आल्या आणि १,२०,१४१ निवडल्या गेल्या. म्हणजे शंभरात पस्तीस. दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण पंचविसाच्या आसपास होतं.

जागा ८५,००० आणि निवड सव्वा लाखाच्या आसपास, हे कसं? सगळे निवडलेले पुढे अर्ज करत नाहीत आणि केलेले सगळे मंजूर होत नाहीत. म्हणून खातं आधीच जास्त चिठ्ठ्या काढतं. विमान कंपन्या सीटपेक्षा जास्त तिकिटं विकतात, तसंच.

आकडे वाचताना एक घोळ नेहमी होतो. सरकारी कागदावर 'आर्थिक वर्ष २०२६' लिहिलेलं असेल तर ती लॉटरी मार्च २०२५ ची असते. अमेरिकी सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि निवडलेल्यांचं कामही एच-१बीवर त्याच तारखेपासून सुरू होतं.

२०२६ पासून चिठ्ठ्या पगारावर

आतापर्यंत ही खरीखुरी सोडत होती. पहिल्या नोकरीतली पोरगी आणि पंधरा वर्षं अनुभवाचा आर्किटेक्ट, दोघांची एकेकच चिठ्ठी. डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या नियमाने हे बदललं. २७ फेब्रुवारी २०२६ पासून तो लागू आहे आणि ४ ते १९ मार्च २०२६ ही नोंदणी त्याखाली होणारी पहिली.

अमेरिकेचं कामगार खातं प्रत्येक कामासाठी आणि प्रत्येक भागासाठी पगाराच्या चार पातळ्या ठरवतं. पहिली नवख्यांची, चौथी मुरलेल्यांची. नव्या नियमात चौथ्या पातळीचा पगार देऊ केला असेल तर त्या माणसाच्या नावाच्या चार चिठ्ठ्या पडतात, तिसऱ्याला तीन, दुसऱ्याला दोन आणि पहिल्याला एक.

नियमाचा मसुदा आणताना सरकारनेच अंदाज मांडला होता. पहिल्या पातळीवर निवडीची शक्यता साधारण १५ टक्के, दुसरीवर ३१, तिसरीवर ४६ आणि चौथीवर ६१. जुन्या पद्धतीत त्याच हिशेबाने सगळ्यांना ३० टक्क्यांच्या आसपास मिळत होती. म्हणजे दुसऱ्या पातळीला फारसा फरक नाही, नवख्यांची शक्यता मात्र निम्म्यावर आली. प्रत्यक्ष आकडा दर वर्षी किती नोंदण्या येतात आणि कुठल्या पातळीच्या येतात यावर हलत राहील.

इथे नोकरी निवडणाऱ्याच्या कामाची एक गोष्ट लपलेली आहे. पातळी कामावर आणि गावावर ठरते, नुसत्या पगाराच्या आकड्यावर नाही. तोच पगार सॅन होजेमध्ये पहिल्या पातळीत अडकू शकतो आणि मध्य अमेरिकेतल्या एखाद्या लहान शहरात तिसरी पातळी गाठू शकतो. दोन ऑफर हातात असतील तर नुसता पगार आणि शहराचं नाव बघून भागत नाही. कंपनी हे काम कुठल्या पदाखाली दाखवणार, कुठल्या गावात दाखवणार आणि त्यामुळे पातळी कोणती येणार, हे एचआरला विचारणं आता अगदी रास्त आहे. पातळ्यांचे आकडे कामगार खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात.

दुसरी गोष्ट 'दोन कंपन्यांकडून नाव टाकूया' म्हणणाऱ्यांसाठी. आता त्याचा फायदा तर नाहीच, तोटा होऊ शकतो. एकाहून जास्त कंपन्यांनी नोंदणी केली असेल तर त्यातली सगळ्यात खालची पातळी धरली जाते. एका चांगल्या कंपनीने तिसऱ्या पातळीवर नाव टाकलं आणि कुठल्या तरी कन्सल्टन्सीने पहिल्या पातळीवर, तर तीन चिठ्ठ्यांची एक होते. नोंदणीत मोठा पगार दाखवायचा आणि नंतर अर्जात कमी करायचा, हा उद्योगही अंगाशी येईल, कारण दोन्हीत मेळ नसेल तर अर्ज नाकारता येतो.

नोंदणी आणि अर्जाचा कायदेशीर खर्च कंपनीनेच करायचा असतो. "तू पैसे भर, आम्ही फाइल करतो" असं म्हणणाऱ्या ठिकाणापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

निकाल दिसतो कुणाला?

ज्याचं आयुष्य टांगणीला लागलेलं असतं, त्याला निकाल स्वतः बघता येत नाही. नोंदणी कंपनीच्या किंवा तिच्या वकिलाच्या खात्यातून झालेली असते आणि स्थिती तिथेच दिसते. मार्च संपायच्या आत निवड झालेल्यांना कळवायचं, असं यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व आणि स्थलांतराचं खातं, दर वर्षी सांगतं. मग ते वकिलाकडे, तिथून एचआरकडे आणि तिथून उमेदवाराकडे पोचतं. मोठ्या कंपनीत या साखळीला दोन-तीन दिवस सहज लागतात. 'पासपोर्ट नंबर टाका, लॉटरीचा निकाल बघा' अशा लिंक मार्चमध्ये फिरायला लागल्या तर त्या उघडायच्या नाहीत, इतकं साधं आहे.

खात्यात 'सिलेक्टेड' दिसलं तर प्रश्न मिटला. खरा छळ 'सबमिटेड' या शब्दाचा. पहिल्या फेरीत नाव नाही आलं म्हणजे नाकारलं गेलं असं नसतं. पुढची फेरी झाली तर त्याच ढिगातून चिठ्ठ्या काढतात, म्हणून वर्षाचा कोटा भरल्याचं जाहीर होईपर्यंत 'नॉट सिलेक्टेड' असं कुणी लिहितच नाही. २०२० मध्ये ऑगस्टला दुसरी फेरी झाली. २०२१ मध्ये तर जुलैत दुसरी आणि नोव्हेंबरात तिसरी. २०२३ मध्ये जुलैच्या शेवटी आणि २०२४ मध्ये ऑगस्टच्या सुरुवातीला परत चिठ्ठ्या निघाल्या. २०२२ आणि २०२५ मध्ये मात्र काहीच नाही. ज्यांनी दुसऱ्या फेरीच्या भरवशावर उन्हाळा काढला त्यांचा तेवढा वेळ गेला. त्यामुळे एप्रिल उजाडल्यावर 'सबमिटेड' दिसत असेल तर आशा ठेवायला हरकत नाही, पण घराचा करार आणि पुढच्या नोकरीचा शोध हे 'नाही' धरूनच चालवलेलं बरं.

हातात किती वर्षं आहेत?

अमेरिकेत शिकलेल्यांसाठी लॉटरीचं गणित ओपीटीवर चालतं. पदवीनंतर १२ महिने काम करायची ही परवानगी. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित यांतली पदवी असेल तर त्यावर आणखी २४ महिने. मे २०२५ मध्ये मास्टर्स झालेल्या मुलाला अशी २०२८ च्या उन्हाळ्यापर्यंत मुदत मिळते आणि त्यात मार्च २०२६, २०२७ आणि २०२८ अशा तीन लॉटऱ्या येतात.

तीन लॉटऱ्यांचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. दर वेळी ३१ टक्के शक्यता धरली तर तिन्ही वेळा हुकण्याची शक्यता तेहतीस टक्के. म्हणजे तिघांतले दोघे कधी ना कधी पार होतात. पण पहिल्या पातळीच्या पगारावर दर वेळी १५ टक्के धरली तर तिन्ही हुकण्याची शक्यता एकसष्ट टक्के. 'तीन वर्षांत लागेलच की' हे वाक्य दोन वर्षांपूर्वी ठीक होतं. आता कमी पगारावर तीन वर्षं तसंच बसून राहणाऱ्याच्या बाबतीत ते खरं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पगार आणि पद वर सरकलं तरच शक्यता सुधारते.

जिची पदवी या विषयांत बसत नाही, तिच्याकडे वर्ष एक आणि चिठ्ठी जेमतेम एक किंवा दोन. म्हणूनच अनेक अमेरिकी विद्यापीठांनी गेल्या काही वर्षांत आपले एमबीए अभ्यासक्रम या यादीत बसवून घेतले. प्रवेश घेतानाच हे तपासायचं असतं. तसंच, २०,००० जागांच्या वेगळ्या ढिगात बसायला पदवी मान्यताप्राप्त सरकारी किंवा ना-नफा अमेरिकी विद्यापीठाची लागते. नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजची मास्टर्स त्यात चालत नाही आणि पुण्यातली एमटेकही नाही.

ओपीटीच्या पहिल्या १२ महिन्यांत बेकार राहायची मुभा एकूण ९० दिवसांची. पुढची २४ महिन्यांची वाढ मिळाल्यावर ती सगळी मिळून १५० दिवस होते. नोकर कपातीच्या दिवसांत हे आकडे फ्रीजवर लिहून ठेवणारी मुलं आहेत.

ओपीटी ऑक्टोबरच्या आधी संपत असेल आणि तोपर्यंत एच-१बीचा अर्ज वेळेत दाखल झाला असेल तर मधला काळ आपोआप भरून निघतो. पूर्वी ही सोय १ ऑक्टोबरपर्यंत होती, जानेवारी २०२५ पासून ती १ एप्रिलपर्यंत वाढवली आहे. अर्ज रखडला म्हणून ऑक्टोबरमध्ये काम थांबवून घरी बसायची पाळी आता सहसा येत नाही.

नोकरी बदलायची तर कधी?

निवड होते ती त्या माणसाची, पण त्या कंपनीने केलेल्या नोंदणीवर. एप्रिलमध्ये 'सिलेक्टेड' आल्यावर मे महिन्यात दुसरीकडे वीस हजार डॉलर जास्त मिळताहेत म्हणून उडी मारली, तर ही निवड नव्या कंपनीत नेता येत नाही. नव्या कंपनीने नोंदणीच केली नसेल तर पुढच्या मार्चपर्यंत थांबायचं. त्यामुळे नोकरी बदलायची खरी वेळ म्हणजे उन्हाळा संपल्यापासून जानेवारीपर्यंत. तेव्हाही सही करण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारायचा असतो: येत्या मार्चमध्ये माझी नोंदणी करणार का? 'आमचं धोरण सहा महिन्यांनंतर बघण्याचं आहे' असं उत्तर आलं तर त्या ऑफरची किंमत एक लॉटरी कमी धरायची.

एकदा एच-१बी मंजूर होऊन सुरू झाला की मात्र हे बंधन सुटतं. मग कंपनी बदलली तरी पुन्हा लॉटरी नाही. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात.

एक लाख डॉलर आणि गणपतीला घरी येणं

१९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर भरायचा आदेश काढला. तो २१ सप्टेंबरपासून बारा महिन्यांसाठी लागू झाला आणि पुढे वाढवता येतो. त्या शनिवार-रविवारी सुट्टीवर भारतात आलेल्यांनी मिळेल ते विमान पकडलं होतं. नंतर खुलासा झाला की जुन्या व्हिसाधारकांना हा आकार नाही. ऑक्टोबरमधल्या स्पष्टीकरणानुसार अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांनाही तो नाही. आदेशाला न्यायालयांत आव्हानंही दिली गेली.

लागू होतो तो अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जाला. हिंजवडीत बसून थेट अमेरिकी कंपनीचा एच-१बी मिळवायची वाट यामुळे जवळपास बंदच झाली. नवख्या माणसासाठी कोणती कंपनी एवढे पैसे मोजेल?

अमेरिकेत असलेल्यांसाठी यात एक सापळा आहे. अर्ज दाखल झाला आहे, निर्णय यायचाय, आणि मध्येच कुणी देशाबाहेर गेलं, तर विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जायची विनंती सोडून दिली असं धरतात. मग तो माणूस 'बाहेरचा' ठरतो आणि लाख डॉलरचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे मे ते सप्टेंबर या काळात बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन किंवा गणपती, कशासाठीही यायचं तर तिकीट काढण्याआधी वकिलाला विचारावं लागतं. इतकी वर्षं वाट बघून नंबर लागला आणि घरी मात्र जाता येत नाही, ही या निकालाची बाजू घरच्यांना सहसा माहीत नसते.

नाही लागली तर?

सगळ्यात जास्त वापरली जाणारी वाट एल-१ ची. कंपनीच्या बाहेरच्या देशातल्या शाखेत सलग एक वर्ष काम केलं की त्याच कंपनीच्या अमेरिकी कार्यालयात बदली होऊ शकते. या व्हिसाला लॉटरी नाही. मोठ्या कंपन्या हुकलेल्या मुलांना टोरांटो, व्हँकूव्हर, लंडन किंवा बंगळुरू-पुण्यात वर्षभर बसवून परत नेतात. तोटा असा की एल-१ वर कंपनी बदलता येत नाही आणि कंपनीचा विचार वर्षभरात बदलला तर माणूस जिथे असेल तिथेच राहतो. ऑफर निवडताना 'कंपनीची भारतात किंवा कॅनडात शाखा आहे का' हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

विद्यापीठातली किंवा ना-नफा संशोधन संस्थेतली नोकरी ही दुसरी वाट. पगार कमी, पण लॉटरी नाही. जैवशास्त्र, सांख्यिकी, वैद्यकीय माहितीशास्त्र या क्षेत्रांतल्यांनी ती सोडून देऊ नये.

परत एखाद्या कॉलेजात नाव घालून पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी देणारे अभ्यासक्रमही पुष्कळ विकले जातात. नियमात त्याला पूर्ण बंदी नाही, पण नंतरच्या अर्जात अधिकारी यावर हमखास प्रश्न विचारतात. वेळ ढकलण्यासाठी ही सगळ्यात महाग आणि सगळ्यात डळमळीत सोय आहे.

दुसऱ्या देशांपैकी कॅनडात एक्स्प्रेस एंट्री गुणांवर चालते. वय, भाषा, शिक्षण, अनुभव यांचे गुण आधीच मोजता येतात, नशिबाचा भाग कमी. जुलै २०२३ मध्ये कॅनडाने अमेरिकी एच-१बीधारकांसाठी १०,००० जागा उघडल्या होत्या आणि त्या दोन दिवसही टिकल्या नाहीत. त्यावरून या रांगेतल्या लोकांच्या मनाची कल्पना येते. जर्मनीने जून २०२४ पासून 'संधी कार्ड' सुरू केलं आहे. पुरेसे गुण असतील तर नोकरी नसतानाही तिथे जाऊन वर्षभर शोधता येते. खर्चाचे पैसे मात्र आधी दाखवावे लागतात आणि जर्मन भाषा आली नाही तर शोध अवघड जातो.

ब्रिटनची भारतीय तरुणांसाठीची योजना हीही लॉटरीच. १८ ते ३० वयाच्या पदवीधरांसाठी वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षांचा व्हिसा, नोकरीची ऑफर नको. सोडतीत नाव टाकायला पैसे लागत नाहीत. नंबर लागला तर खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. मुदत संपल्यावर मात्र हाच व्हिसा वाढवून मिळत नाही.

आणि 'ग्रीन कार्डची लॉटरी' म्हणून जी जाहिरात दिसते, ती भारतात जन्मलेल्यांसाठी नाहीच. ती डायव्हर्सिटी व्हिसाची सोडत. गेल्या पाच वर्षांत ५०,००० हून जास्त लोक ज्या देशातून अमेरिकेत स्थायिक झाले, त्या देशांना त्यात जागा नसते. नवरा किंवा बायको पात्र देशात जन्मलेली असेल तर अपवाद आहे. बाकी कुणी यासाठी पैसे मागत असेल तर ती फसवणूक.

कर्ज, हप्ता आणि परत येणं

बहुतेक घरांत निर्णय शेवटी इथे येऊन थांबतो. समजा ४० लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, व्याज १० टक्के, फेड दहा वर्षांची. महिन्याचा हप्ता ५३,००० च्या आसपास बसतो. डॉलरमध्ये तो सहाशेच्या घरात, म्हणजे अमेरिकेतल्या पगारात जाणवण्यासारखा पण झेपणारा. तोच हप्ता पुण्यातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पगारातून भरायचा तर हातात फारसं काही राहत नाही. मुदत पंधरा वर्षांची केली तर हप्ता ४३,००० पर्यंत उतरतो, पण एकूण व्याज कितीतरी वाढतं. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या सवलतीच्या काळातही व्याज चढत असतं. या उदाहरणात वर्षाला सुमारे चार लाख.

म्हणून ओपीटीच्या पहिल्या वर्षात गाडी आणि मोठं घर घेण्यापेक्षा मुद्दल जितकं खाली आणता येईल तितकं आणणारी मुलं निकालाच्या दिवशी जरा शांत असतात. कर्ज निम्मं झालेलं असेल तर परत येणं हा पर्याय खरोखर पर्याय राहतो. नाहीतर लॉटरीपेक्षा बँकच ठरवते कुठे राहायचं. जुनी करप्रणाली निवडली तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, ही भारतात परतलेल्यांसाठी थोडी मदत.

परत आल्यावर काम कुठे, याचं उत्तर दहा वर्षांपूर्वीपेक्षा बरं आहे. परदेशी कंपन्यांची भारतात १,७०० हून जास्त स्वतःची केंद्रं आहेत आणि त्यातली बरीच पुण्या-मुंबईत. ज्या कंपनीच्या अमेरिकी कार्यालयात दोन वर्षं काढली, तिच्याच पुण्यातल्या केंद्रात बदली मागणं हा सगळ्यात कमी गाजावाजा होणारा आणि बऱ्याचदा चांगला सौदा ठरतो. पगार डॉलरचा राहत नाही, पण बाहेरून आलेल्या नवख्यापेक्षा बराच वर असतो आणि वर्षभराने एल-१ चा दरवाजाही उघडा राहतो. ही बोलणी निकालानंतर रडवेल्या आवाजात करण्यापेक्षा फेब्रुवारीतच मॅनेजरपाशी काढून ठेवलेली बरी.

ज्यांची लागते त्यांच्यापुढे दुसरी रांग असते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला त्यातली सुमारे सात टक्के. मंजूर होणाऱ्या एच-१बींमध्ये सत्तर टक्क्यांहून जास्त भारतीय असल्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दशकाहून लांब आहे. ग्रीन कार्डचा पहिला टप्पा मंजूर झाला असेल तर एच-१बी सहा वर्षांपुढेही वाढवता येतो. तेव्हा एप्रिलमध्ये पेढे वाटून झाले की एचआरला दुसरा ईमेल लिहायचा असतो, तो ग्रीन कार्डची फाइल कंपनी कधी सुरू करते हे विचारणारा.